आखूड शेपटीचा शिकारी

उंदराच्या बिळापाशी डोळे रोखून निश्चल बसलेली मांजर तुम्ही पाहिलीच असेल. तिच्याच कुळातील एक रानटी प्राणी उत्तर अमेरिकेत राहतो. त्याचे नाव बॉबकॅट, म्हणजेच आखूड शेपटीचे मांजर. त्याची शेपटी जेमतेम वीतभर असते. आकाराने तो घरच्या मांजराच्या सुमारे दुप्पट असून त्याच्या तांबूस-करड्या अंगावर काळसर ठिपके असतात. कॅनडाच्या दक्षिण भागापासून मेक्सिकोपर्यंत अरण्ये, दलदली आणि वाळवंटे या सर्व ठिकाणी तो आढळतो.

बॉबकॅट एकटाच शिकारीस निघतो, बहुधा पहाटे किंवा सायंकाळच्या अंधुक प्रकाशात. चालताना पुढचा पाय जेथे पडला, नेमका तेथेच तो मागचा पाय ठेवतो. त्यामुळे वाळलेल्या पानांचाही फारसा आवाज होत नाही. ससा दिसताच तो दबा धरून बसतो, मग पोट जमिनीला लावून हळूहळू पुढे सरकतो आणि अखेरीस दोनतीन मीटरांची झेप घालतो. पुष्कळदा ही झेप वायाही जाते. ससे व उंदीर हे त्याचे नेहमीचे भक्ष्य होय. प्रसंगी तो हरिणही मारतो. मोठी शिकार एका वेळी संपली नाही, तर उरलेला भाग पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो.

परंतु या शिकाऱ्याचीही शिकार करणारा एक आहे, तो म्हणजे मनुष्य. मऊ, ठिपकेदार कातड्यासाठी माणसे त्याच्या वाटेवर सापळे मांडतात, कुत्री मागे लावून त्याला झाडावर चढवितात, किंवा सशाच्या केविलवाण्या ओरडण्याची नक्कल करून त्याला फसवितात. १९७७ साली त्याच्या कातड्याच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रण आले. अमेरिकेतील अनेक राज्यांत ठराविक हंगामात, परवाना घेऊन त्याची शिकार करता येते. कॅलिफोर्निया राज्याने मात्र त्याला सापळ्यात धरण्यास २०१५ साली बंदी घातली.

असा हिंस्र प्राणी नाहीसा झाला, तर बिघडले कोठे, असे कोणास वाटेल. जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याजवळील कंबरलँड बेट या प्रश्नाचे उत्तर देते. विसाव्या शतकाच्या आरंभी या बेटावरून बॉबकॅट नाहीसे झाले होते. पुढे तेथे हरणे फार वाढली आणि ओक वृक्षांची कोवळी रोपे त्यांनी खाऊन टाकली. म्हणून १९८८ आणि १९८९ साली शास्त्रज्ञांनी तेथे बत्तीस बॉबकॅट आणून सोडले. काही वर्षांत हरणांची संख्या घटली, ओकची रोपे पुन्हा वाढीस लागली आणि पोटभर चारा मिळू लागल्यामुळे उरलेली हरणेही अंगाने भरली.

बॉबकॅट मारतो तो भुकेपुरते. आणि त्याच्या त्या भुकेवर रानातील झाडाझुडपांचे जीवन अवलंबून असते. म्हणून एखाद्या हिंस्र पशूला निरुपयोगी ठरविण्यापूर्वी माणसाने त्या रानाकडे एकदा नीट पाहावे.