हप्ते फिटलेलं घर

आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मध्ये लिंडा लोमन नवऱ्याच्या थडग्यापाशी बसून त्याला सांगते, की घराचा शेवटचा हप्ता मी आजच भरला. २५ वर्षांचं कर्ज फिटलं, आणि ज्यानं ते जन्मभर फेडलं तो मातीखाली. १९४९च्या फेब्रुवारीत ब्रॉडवेवर आलेलं हे नाटक असो की त्याच्या आगेमागे लिहिली गेलेली मोठी अमेरिकी नाटकं, त्यांतल्या परात्मतेची चर्चा आपण बहुधा आत्म्याच्या भाषेत करतो: एकाकी माणूस, देव हरवलेलं शतक, अर्थशून्य जगणं. हे सगळं त्या नाटकांत आहे, पण ते उशिरा येतं. आधी येतात हप्ते, गहाणखत आणि विम्याची पॉलिसी. या नाटकांतला माणूस सर्वांत आधी परका होतो तो स्वतःच्या घरात, आणि त्या घराची किंमत कुणीतरी आपल्या देहानं चुकवलेली असते. हा हिशोब जेव्हा तो स्वतःलाही लावून घेतो, तेव्हा तिथे शोकात्मिका सुरू होते.

लिंडाच्या नवऱ्याचं, विलीचंच बघा. त्याच्या घराभोवती इमारती इतक्या उंच झाल्या आहेत, की परसात बी रुजायला ऊन पोचत नाही. फ्रिजचे हप्ते फिटायच्या आत त्याचा पट्टा तुटतो. पगार बंद होऊन तो निव्वळ कमिशनवर आलेला आहे. प्रवास झेपत नाही, शहरातच काम द्या, असं मागायला तो तरुण मालकाकडे, हॉवर्डकडे जातो. हॉवर्ड मात्र नव्या ध्वनिमुद्रण यंत्रात गुंग आहे. मुलीची शीळ, मुलानं अकारविल्हे म्हटलेल्या राज्यांच्या राजधान्या, हे सारं विलीला आधी ऐकून घ्यावं लागतं. हॉवर्ड नकार देऊन बाहेर गेल्यावर तो खोलीत एकटा उरतो, चुकून त्याचा हात यंत्राला लागतो आणि राजधान्यांची यादी पुन्हा सुरू होते. ती बंद कशी करायची हे न कळून तो घाबरून हाका मारतो. परात्मतेवरच्या कित्येक ग्रंथांपेक्षा मला हे एक दृश्य मोलाचं वाटतं. ३४ वर्षं ज्या कंपनीत काढली, तिथे दुसऱ्याच्या पोराचा आवाज बोलतो आहे आणि या माणसाचं म्हणणं ऐकायला कुणी नाही. नोकरीही गेल्यावर विली २० हजार डॉलरच्या विम्याकडे वळतो. जिवंतपणी आपली जी किंमत होत नाही ती मेल्यावर होईल, हे गणित त्याला पटतं.

यावर जुना आक्षेप असा, की ही फार तर सामाजिक व्यथा झाली. हिला शोकात्मिका कसं म्हणायचं? जोसेफ वुड क्रच यांनी १९२९ सालीच लिहिलं होतं, की माणसाच्या थोरवीवरचा विश्वास गेला आणि त्याबरोबर शोकात्मिकाही गेली. आक्षेप वजनदार आहे. मिलरनं १९४९मध्येच एका निबंधात सामान्य माणसाची बाजू मांडली, पण निबंधापेक्षा चांगलं उत्तर नाटकातच आहे. शेजारचा चार्ली विलीला नोकरी देऊ करतो आणि विली ती नाकारतो. परिस्थितीनं चिरडलेल्या माणसापुढे निवड नसते. विलीपुढे ती होती. त्याच्या हातांना सुतारकाम, गवंडीकाम येत होतं. घराच्या पायऱ्या त्यानं जीव ओतून बांधल्या होत्या. तरी त्यानं आपली ओळख विक्रीच्या आकड्यातच शोधली. ही चूक त्याची स्वतःची आहे आणि ती तो शेवटपर्यंत निष्ठेनं निभावतो. याहून वेगळी थोरवी शोकात्मिकेला लागते असं मला वाटत नाही.

मिलरच्या आधी यूजीन ओनीलनं ‘द हेअरी एप’मध्ये (१९२२) जहाजाच्या भट्टीवरचा यँक उभा केला होता. आपली जागा शोधत तो अखेर प्राणिसंग्रहालयातल्या गोरिलाच्या पिंजऱ्यात जाऊन मरतो. पण ओनील खरा भिडतो तो ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’मध्ये. त्याच्या मृत्यूनंतर, १९५६ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातला जेम्स टायरोन जमिनीमागून जमिनी विकत घेतो आणि घरातले दिवे मात्र मोजत बसतो. मुलाशी भांडण झाल्यावर तो रागानं झुंबरातले सगळे दिवे लावतो. पुढे, पैशापायी आपल्यातला नट कसा वाया गेला हे सांगून झाल्यावर, तोच ते मालवतो. त्याची बायको मेरी या घराला कधी घर मानू शकली नाही. स्वस्तातल्या डॉक्टरनं लावलेलं मॉर्फीन तिच्या अंगात मुरलं आहे. इथेही काटकसरीची किंमत देहानंच भरली. टेनेसी विल्यम्सच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’मधली (१९४७) ब्लांश घर गमावूनच येते. पिढ्यान्‌पिढ्यांची कर्जं आणि एकामागून एक झालेले मृत्यू यांनी तिचं घर, बेल रीव्ह, गिळलं, आणि हाती उरली कागदांची पेटी.

लोरेन हॅन्सबेरीच्या ‘अ रेझिन इन द सन’कडे (१९५९) बोट दाखवून कुणी म्हणेल, की तिथे तर शेवटी कुटुंब नव्या घरात जातं, मग हा सिद्धान्त टिकतो कुठे? मला तो इथेच सर्वांत पक्का होताना दिसतो. हॅन्सबेरीच्या वडिलांनी शिकागोच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं आणि त्यावरून उठलेला वाद १९४० साली थेट सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला होता. वस्तीतून हुसकावणं म्हणजे काय, हे तिला घरातूनच माहीत होतं. नाटकातलं घरही मेलेल्या बापाच्या विम्यातूनच येतं. १० हजारांपैकी साडेतीन हजार आई घरासाठी भरते, उरलेले मुलगा वॉल्टर बुडवतो. या वस्तीत येऊ नका, असं सांगत गोऱ्यांचा प्रतिनिधी पैसे देऊ करतो आणि वॉल्टर ते घ्यायला निघतो. पण स्वतःच्या लहान मुलासमोर त्याच्यानं तो सौदा होत नाही. विलीनं मान्य केलेलं गणित वॉल्टर नाकारतो, आणि समोर आलेली शोकात्मिका मागे फिरते. ऑगस्ट विल्सनच्या ‘फेन्सेस’मधल्या ट्रॉयला एवढं जमत नाही. युद्धात डोकं फुटलेल्या भावाच्या भरपाईचे ३ हजार डॉलर लावून त्यानं घर घेतलं, आणि तो भाऊ आज दुसरीकडे खोली घेऊन राहतो. पिट्सबर्गच्या या कचरा उचलणाऱ्या माणसाला हे टोचत असतं, आणि तरीही तो अंगणाला कुंपण घालत राहतो.

एडवर्ड अल्बीच्या ‘द झू स्टोरी’त घर नाहीच, फक्त सेंट्रल पार्कमधला एक बाक आहे. म्हणून हे नाटक निखळ अस्तित्ववादी मानलं जातं. पण १९५९ साली बर्लिनमध्ये पहिल्यांदा झालेल्या या नाटकातला झगडा कशावरून होतो? बायको, दोन मुली, दोन मांजरं आणि पोपटांची जोडी असलेला पीटर त्या सार्वजनिक बाकासाठी, जणू तो त्याच्या नावावर आहे अशा त्वेषानं लढतो. खानावळीवजा इमारतीत एका खोलीत दिवस काढणारा जेरी त्याला चाकू उचलायला लावतो आणि स्वतःच त्यावर झेपावतो. पीटर पळत सुटतो तेव्हा विसरलेलं पुस्तक घेऊन जायची आठवण त्याला मरणारा जेरीच करून देतो. त्या बाकावर आता पीटरला पुन्हा बसता येणार नाही.