गिटारची घरघर आणि फॅरडे

संमेलनाच्या तालमीत विद्युत गिटार अॅम्प्लिफायरला जोडली, की पुष्कळदा सुरांआधी घरघर ऐकू येते. तिचे मूळ आपण क्रमाने शोधू. आवाज कमी करून केबल अॅम्प्लिफायरमधून काढू आणि आवाज पुन्हा वाढवू. घरघर तशीच राहिली, तर दोष अॅम्प्लिफायरमध्ये किंवा वीजपुरवठ्यात आहे. थांबली, तर केबल आणि गिटार तपासू. केबल हलवताच खरखर झाली, तर बहुधा पिनजवळचा जोड सैल झालेला असतो. म्हणून केबल ओढून काढू नये, पिन धरून काढावी. ठेवताना सैल वेटोळे करावे.

आता गिटार धरून जागच्या जागी वळू. घरघर कमीजास्त होते ना? तारांखाली चुंबकांभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे ५० हर्ट्‌झने बदलणारे चुंबकीय क्षेत्र त्यांत वीजदाब निर्माण करते. फॅरडेने १८३१ साली शोधलेले प्रवर्तन ते हेच!

घरघर थांबवण्यासाठी काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसे कधीही करू नये. अॅम्प्लिफायरच्या पेटीत वीज उतरली, तर ती केबलच्या बाहेरच्या जाळीतून गिटारच्या तारांत, म्हणजे वाजवणाऱ्याच्या बोटांत येते. घरघर सोसता येते. असा धक्का जिवावर बेततो.