फिल्मचा रोल आणि विमानतळावरील क्ष-किरण

गेल्या काही वर्षांत अनेक घरांतील तरुण मंडळींनी कपाटाच्या वरच्या फळीवर पडून राहिलेले आजोबांचे कॅमेरे पुन्हा खाली काढले आहेत. कोठे याशिका, कोठे पेंटॅक्स, तर एखाद्या घरी आग्फाचा जुना क्लिक-थ्री. लग्नकार्यात, यात्रेत किंवा परदेशप्रवासात मोबाइलवर शेकडो छायाचित्रे निघत असतानाही छत्तीस चित्रांचा एक रोल जपून वापरण्याची हौस त्यांना लागली आहे. हौस चांगली आहे, पण स्वस्त नाही. रोलची किंमत, तो धुण्याचा आणि स्कॅन करण्याचा खर्च जमेस धरला तर एकेका चित्राचा हिशेब ठेवावा लागतो. हा सारा हिशेब विमानतळावरील तपासणीच्या पट्ट्यावर काही सेकंदांत बिघडू शकतो, ही गोष्ट मात्र पुष्कळांना रोल धुऊन आल्यावरच कळते.

फिल्मच्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीच्या संयुगाचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. (जिलेटिन हा प्राणिज पदार्थ आहे, हेही वापरणाऱ्यास ठाऊक असावे.) प्रकाश पडला की या स्फटिकांत सूक्ष्म बदल होतो आणि रोल धुताना त्यातून चित्र प्रकट होते. अडचण अशी की स्फटिकांना प्रकाश आणि क्ष-किरण यांतील भेद कळत नाही. विल्हेल्म रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये या किरणांचा शोध लावला, तेव्हा पत्नीच्या हाताच्या हाडांचे जगप्रसिद्ध चित्र त्यांनी छायाचित्रणाच्या काचेवरच घेतले होते. ज्या गुणामुळे वैद्यकशास्त्राला एवढे मोठे साधन मिळाले, तोच गुण प्रवाशाच्या रोलला नडतो.

फिल्म किती हळवी असते, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. जुलै १९४५ मध्ये अमेरिकेने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची गुप्त चाचणी केली. त्यानंतर काही महिन्यांत कोडॅक कंपनीकडे तक्रारी येऊ लागल्या की, न वापरलेल्या एक्स-रे फिल्मवर काळे ठिपके उमटत आहेत. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी माग काढला, तेव्हा दोष फिल्मचा नव्हे तर वेष्टनातील पुठ्ठ्याचा निघाला. तो पुठ्ठा शेकडो मैल दूर असलेल्या इंडियाना राज्यातील गिरणीत तयार झाला होता आणि चाचणीतून उडालेले किरणोत्सारी कण नदीच्या पाण्यावाटे त्यात मिसळले होते. जे गुपित सरकारने जगापासून लपवले, ते बंद पाकिटातील फिल्मने टिपले होते.

विमान अपहरणाच्या घटना वाढल्यावर १९७० च्या दशकात सामानाची क्ष-किरणांनी तपासणी सुरू झाली. हातसामानासाठी जी जुनी यंत्रे वापरली जातात, त्यांची मात्रा अल्प असते. आयएसओ ४०० पर्यंतचा रोल त्यांतून दोन-चार वेळा गेला तरी डोळ्यांना जाणवेल असा परिणाम सहसा होत नाही. छायाचित्रकारांच्या दोन पिढ्यांनी यावरून साधा नियम बांधला होता: फिल्म चेक-इन बॅगेत कधीही ठेवायची नाही, नेहमी हातात ठेवायची. पहिल्या भागाचे कारण असे की, चेक-इन सामानासाठी १९९० च्या दशकात सीटी पद्धतीची शक्तिशाली यंत्रे आली. रुग्णालयातील सीटी स्कॅनप्रमाणे ती बॅगेची अनेक कोनांतून छेदचित्रे घेतात आणि फिल्मवर पट्टे किंवा लाटांसारखे डाग उमटवतात. हा नियम आजही अबाधित आहे. जाताना, येताना, कितीही घाई असो, न धुतलेला रोल चेक-इन बॅगेत ठेवू नये.

बदल झाला आहे तो दुसऱ्या भागात. गेल्या काही वर्षांत हातसामानासाठीही सीटी यंत्रे बसू लागली. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर २०२१ पासून ती सर्वत्र आहेत. अमेरिका व ब्रिटनमधील मोठ्या विमानतळांवर त्यांचा झपाट्याने प्रसार झाला आणि भारतातील मोठ्या विमानतळांनीही ती वाट धरली आहे. प्रवाशाला ही यंत्रे सोयीची वाटतात, कारण लॅपटॉप बॅगेतून काढावा लागत नाही. फिल्मला मात्र ती मारक आहेत. त्यांतून एकदाही रोल नेऊ नये, असा फिल्म-उत्पादकांचा स्पष्ट इशारा आहे. ‘हातात ठेवली की फिल्म सुरक्षित’ ही वडीलधाऱ्यांची शिकवण म्हणूनच आता अपुरी पडते.

यंत्र जुने की नवे, हे ओळखण्यास एक खूण उपयोगी पडते. पट्ट्याजवळचा कर्मचारी ‘लॅपटॉप आतच राहू द्या’ म्हणाला आणि समोरचे यंत्र मोठ्या, फुगीर पिंपासारखे दिसले, तर ते सीटी यंत्र असण्याची शक्यता धरावी.

आयएसओ हा आकडा फिल्मची संवेदनक्षमता सांगतो. आकडा दुप्पट झाला की संवेदनक्षमता दुप्पट. म्हणजे आयएसओ ४०० चा रोल १०० च्या रोलपेक्षा चौपट हळवा, आणि ८०० च्या पुढील रोल जुन्या यंत्रातूनही नेऊ नये. येथे एका गोष्टीचा बहुतेकांना विसर पडतो. लग्नसमारंभात मुलांच्या हाती दिसणाऱ्या फुजीच्या इन्स्टॅक्स कॅमेऱ्याची फिल्मही आयएसओ ८०० चीच असते. ती खेळण्यातली वस्तू समजून चेक-इन बॅगेत टाकली जाते.

क्ष-किरणांचा परिणाम साचत जातो, हे व्यापारी माणसाला खात्याच्या भाषेत लवकर समजेल. प्रत्येक तपासणी रोलच्या खात्यावर नावे पडते आणि जमेची बाजू नसतेच. मुंबईहून दुबईमार्गे नैरोबीला जाऊन परतणाऱ्याने दोन तपासण्या धरल्या असतील, पण विमान बदलतानाची तपासणी मोजली तर त्या चार होतात. नुकसान झालेल्या चित्रात काळोखाचे भाग राखाडी दिसतात, रंग फिके पडतात, दाणा उठून दिसतो. ते नंतर पुसून काढता येत नाही.

यावर खरा उपाय एकच, हाताने तपासणी करून घेण्याचा. अमेरिकेत प्रवाशाने मागणी केल्यास ती करून मिळण्याची सोय आहे. भारतात आणि युरोपात ती बहुधा उपस्थित अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते, म्हणून विनंतीची रीत महत्त्वाची ठरते. रोल खोक्यातून व डबीतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवावेत आणि सर्वांत जास्त आयएसओचा रोल वर दिसू द्यावा. बॅग पट्ट्यावर ठेवण्यापूर्वीच पिशवी हातात देऊन शांतपणे सांगावे, ‘साहेब, यात फोटोची फिल्म आहे, मशीनमध्ये खराब होते, कृपया हाताने तपासा.’ आजच्या तरुण जवानाने फिल्म पाहिलेलीही नसेल, तेव्हा त्याने शंका घेतली तर त्यात वावगे काही नाही. स्फोटकांचा अंश तपासण्यासाठी तो रोलवर कापडाची पट्टी फिरवील, तेवढे करू द्यावे. अर्धा तास लवकर पोहोचलेल्या प्रवाशाला हे सर्व जमते; रांगेत शेवटच्या क्षणी धावत आलेल्याला जमत नाही, आणि दोष मात्र जवानाला दिला जातो.

कॅमेऱ्यात रोल भरलेला असेल तर तो विमानतळावर येण्यापूर्वीच गुंडाळून काढावा. भरलेला कॅमेरा उघडून दाखवता येत नाही आणि मग तो यंत्रातूनच जातो. शिशाचा थर असलेल्या पिशव्याही बाजारात मिळतात. परंतु पडद्यावर काळा डाग दिसला की अधिकारी पिशवी उघडणारच, आणि सीटी यंत्रासमोर तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. माणसे ज्या चौकटीतून चालत जातात, तो धातुशोधक फिल्मला अपाय करीत नाही. धुतलेल्या निगेटिव्ह, छापील फोटो, डिजिटल कॅमेरे आणि मेमरी कार्डे यांनाही क्ष-किरणांची भीती नाही.

या साऱ्या काळजीचे मोल समजण्यास स्टीव्ह मॅकरी यांच्या रोलची आठवण पुरेशी आहे. कोडॅकने कोडाक्रोम फिल्मचे उत्पादन थांबवले, तेव्हा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल या अमेरिकी छायाचित्रकाराच्या हाती दिला. त्याने तो घेऊन भारत गाठला, मुंबईत आणि राजस्थानात त्यातील काही चित्रे घेतली, आणि जुलै २०१० मध्ये कॅन्सस राज्यातील पार्सन्स गावी तो धुतला गेला. छत्तीस चित्रे, मधे समुद्र आणि कित्येक विमानतळ, आणि पुन्हा घेण्यासाठी जगात दुसरा रोल नाही. घरच्या लग्नाचा किंवा आजीच्या शेवटच्या यात्रेचा रोल यापेक्षा वेगळा नसतो.

शक्य असेल तर रोल मुक्कामाच्या शहरीच विकत घ्यावा आणि परतण्यापूर्वी तेथेच धुवून घ्यावा. परदेशातून कुरियरने पाठवण्याचा विचार असेल तर पार्सलेही क्ष-किरणांतून जातात, हे ध्यानात असू द्यावे.