हजारे, विजय सॅम्युएल
(११ मार्च १९१५–१८ डिसेंबर २००४). भारताचे एक श्रेष्ठ क्रिकेटपटू व कसोटी संघाचे कर्णधार. जन्म सांगली येथे, एका मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबात. वडील शिक्षक होते. त्या वेळी सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये हा भाग नव्याने निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला व १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. हजारे यांच्या क्रीडाजीवनाचा बराच काळ मात्र सांगलीबाहेर, मध्य भारतात व बडोद्यास गेला.

त्या काळी भारतात क्रिकेटवर पोट भरता येत नसे. सामान्य घरातील गुणी खेळाडूस आयुष्यभर खेळत राहण्याचा एकच खात्रीचा मार्ग उपलब्ध असे व तो म्हणजे एखाद्या क्रिकेटप्रेमी संस्थानिकाची नोकरी. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली, त्याच मोसमात हजारे महाराष्ट्राकडून खेळले. पुढील काही वर्षे ते मध्य भारताच्या संघात होते. देवास (थोरली पाती) संस्थानचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांचा त्यांना आश्रय लाभला. प्रख्यात ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शनही त्यांना याच काळात मिळाले. हजारे यांची उभे राहण्याची ढब विचित्र दिसे. बॅट दोन्ही पायांच्या मध्ये धरून ते चेंडूची वाट पाहत. क्रिकेटच्या पाठ्यपुस्तकात न बसणारी ही ढब बदलू नये, असे ग्रिमेट यांनी त्यांना सांगितले. हा सल्ला पुढे पूर्णपणे योग्य ठरला. बचाव भक्कम, फटका जमिनीलगत आणि एकाग्रता न ढळणारी, ही त्यांच्या फलंदाजीची वैशिष्ट्ये होती. प्रेक्षकांना उठून उभे राहावयास लावणारा आक्रमकपणा तीत क्वचितच दिसे.

महाराष्ट्राच्या संघात परतल्यावर १९३९-४० मध्ये पुणे येथे बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील हे पहिले त्रिशतक होय. थोड्याच अवधीत, १९४१ च्या सुमारास, ज्या संघाविरुद्ध हा विक्रम झाला त्याच बडोद्याच्या संस्थानी सेवेत हजारे रुजू झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मवार संघांत खेळली जाई. हजारे ख्रिस्ती असल्यामुळे त्यांचा समावेश हिंदू, मुसलमान, पारशी वा यूरोपीय यांपैकी कोणत्याही संघात न होता ‘इतर’ या संघात होई. हा संघ तुलनेने दुबळा होता. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावांवर डाव घोषित केला. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावा होत्या. ‘इतर’ संघाचा पहिला डाव १३३ धावांत संपला व त्यात हजारे यांचा वाटा ५९ धावांचा होता. दुसऱ्या डावातील एकूण ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या हजारे यांच्या होत्या. धाकटे बंधू विवेक यांच्यासह त्यांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांच्या धावा २१ होत्या. पण ते टिकून राहिले नसते, तर त्रिशतक झाले नसते. एवढे करूनही ‘इतर’ संघाचा एक डाव व ६१ धावांनी पराभव झाला. पराभूत संघाचा एकमेव आधार ही भूमिका हजारे यांच्या वाट्यास येथे प्रथम ठळकपणे आली व पुढेही ती पुष्कळदा येत राहिली.

बडोद्याच्या संघात मात्र त्यांना तोलामोलाचे सहकारी लाभले. मार्च १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याची अवस्था ३ बाद ९१ अशी असताना हजारे (२८८) व गुल महंमद (३१९) या जोडीने चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा केल्या. फ्रँक वॉरेल व क्लाइड वॉलकॉट यांच्या अभेद्य ५७४ धावांचा जागतिक विक्रम त्यांनी मोडला. बडोद्याने ७८४ धावा करून एक डाव व ४०९ धावांनी विजय मिळविला. कोणत्याही गड्यासाठी सर्वोच्च भागीदारी हा या जोडीचा मान २००६ मध्ये कोलंबो येथे कुमार संगकारा व महेला जयवर्धने यांनी ६२४ धावा करून घेतला. गुल महंमद पुढे पाकिस्तानच्या कसोटी संघातूनही खेळले.

हजारे यांचे कसोटी पदार्पण जून १९४६ मध्ये लॉर्ड्स मैदानावर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी झाले. ऑगस्ट १९३६ नंतर दहा वर्षे भारत एकही अधिकृत कसोटी खेळला नव्हता. फलंदाजाच्या उमेदीची ही वर्षे महायुद्धाने हिरावून घेतली, हे त्यांच्या कसोटीतील धावसंख्येचा विचार करताना विसरता येत नाही.

१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील ॲडिलेड कसोटी हा त्यांच्या कीर्तीचा कळस होय. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा २०१ धावांवर त्रिफळा उडविणारा गोलंदाज हजारेच होते. याच दौऱ्यात सिडनी येथेही त्यांनी ब्रॅडमन यांना १३ धावांवर त्रिफळाबाद केले होते. मध्यमगती गोलंदाज म्हणून त्यांची योग्यता फलंदाजीच्या झगमगाटात थोडी झाकोळली, एवढेच. भारताच्या ३८१ धावांच्या पहिल्या डावात हजारे यांनी ११६ व दत्तू फडकर यांनी १२३ धावा केल्या. फॉलोऑन मिळाल्यावर धावफलकावर एकही धाव लागण्यापूर्वी दोन गडी बाद झाले. रे लिंडवॉल यांनी त्या डावात ३८ धावांत ७ बळी घेतले, तरीही हजारे यांनी २७७ पैकी १४५ धावा काढल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. सामना भारताने एक डाव व १६ धावांनी गमावला.

पुढील वर्षी मुंबईस वेस्ट इंडीजविरुद्ध विजयासाठी ३६१ धावा हव्या असताना हजारे यांच्या १२२ धावांच्या बळावर भारताने ८ बाद ३५५ पर्यंत मजल मारली. केवळ ६ धावा उरल्या असता पंचांनी खेळ संपल्याचे जाहीर केले. भारताचा पहिला कसोटी विजय त्यामुळे तीन वर्षे लांबला.

तो विजय हजारे यांच्याच नेतृत्वाखाली मिळाला. १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध दिल्लीस नाबाद १६४ व मुंबईस १५५ अशी लागोपाठ शतके त्यांनी केली. १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रास येथे भारताने एक डाव व ८ धावांनी सामना जिंकला. विनू मंकड यांनी त्यात १२ बळी घेतले. मात्र १९५२ च्या उन्हाळ्यातील इंग्लंड दौरा भारतास फार जड गेला. लीड्स येथे पहिल्या डावात हजारे (८९) व विजय मांजरेकर (१३३) यांनी २२२ धावांची भागीदारी केली. पण दुसऱ्या डावात नवोदित फ्रेड ट्रूमन व ॲलेक बेडसर यांच्यापुढे एकही धाव न होता चार गडी बाद झाले. हजारे (५६) व फडकर (६४) यांच्यामुळे धावसंख्या १६५ पर्यंत पोहोचली. भारताने ही मालिका ०-३ अशी गमावली. पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्या मालिकेत नेतृत्व लाला अमरनाथ यांच्याकडे गेले. हजारे यांनी तीत मुंबईस नाबाद १४६ धावा केल्या. १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी ते पुन्हा कर्णधार झाले व त्या दौऱ्याबरोबरच त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

चौदा कसोटींत नेतृत्व करून त्यांनी एक सामना जिंकला, पाच गमावले व आठ अनिर्णित राखले. ते मितभाषी व संकोची होते. सहकाऱ्यांवर हुकमत गाजविणे त्यांच्या स्वभावात नव्हते. कर्णधारपदाच्या ओझ्यामुळे एका थोर फलंदाजाचे नुकसान झाले, असे मत मर्चंट यांनी मांडले व ते बव्हंशी ग्राह्य आहे. तथापि त्या काळातील संघाची दुर्बल गोलंदाजी लक्षात घेता दुसऱ्या कोणी फार वेगळे फळ मिळविले असते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

इंग्लंडमधील लँकाशर भागातील रॉटनस्टॉल व रॉइटन या क्लबांकडूनही हजारे व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळले. तेथील लीग स्पर्धांत प्रत्येक क्लबचा एक खेळाडू वेतन घेणारा असे व सामन्याचा भार त्याच्यावरच पडे. हजारे यांना ही परिस्थिती नवखी नव्हती. बडोदे संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्यावरही त्यांनी बडोदे सोडले नाही. १९५७-५८ च्या रणजी अंतिम सामन्यात सेनादलाच्या संघाविरुद्ध, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी २०३ धावा केल्या व बडोद्याने करंडक जिंकला.

तीस कसोटींत ४७.६५ च्या सरासरीने २,१९२ धावा (सात शतके) व २० बळी. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८.३८ च्या सरासरीने १८,७४० धावा (साठ शतके) व ५९५ बळी, अशी त्यांची एकूण कामगिरी आहे. भारत सरकारने १९६० मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. जसू पटेल यांच्यासह हा सन्मान मिळविणारे ते पहिले क्रिकेटपटू होत. बडोदे येथे त्यांचे निधन झाले. भारतातील राज्य संघांच्या एकदिवसीय स्पर्धेस ‘विजय हजारे करंडक’ असे नाव देण्यात आले आहे.