दालनाबाहेरचे प्रदर्शन

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला पाहुणे आले, की त्यांना म्युझियम दाखवावेच लागते. मुले आत शिरतात ती थेट पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे! पण इथली सर्वांत मोठी वस्तू कुठल्याच कपाटात ठेवलेली नाही. ती म्हणजे खुद्द ही इमारत.

तिचा शिल्पकार जॉर्ज विटेट. जन्म स्कॉटलंडातला, १८७८ चा. १९०४ साली तो हिंदुस्थानात आला. म्युझियमची कोनशिला १९०५ साली युवराजांच्या हस्ते बसली आणि १९०९ च्या स्पर्धेत विटेटचा आराखडा निवडला गेला. जवळच विद्यापीठाचे, हायकोर्टाचे गॉथिक मनोरे उभे होते. पण विटेटने ती वाट धरली नाही. घुमटासाठी त्याने विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहिले, दगड कुर्ल्याचा नि मालाडचा वापरला, आणि नाशिकच्या एका वाड्यातले लाकडी कमानकाम विकत घेऊन आत बसवले. १९१४ साली इमारत तयार झाली. पण महायुद्ध आले आणि तिथे लष्करी इस्पितळ थाटले गेले. म्युझियमची दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी!

आता बाहेर पडून रमतगमत गेटवेकडे चला. तीही विटेटचीच कृती. इथल्या जाळ्या आणि कमानी सोळाव्या शतकातल्या गुजरातची आठवण देतात. गंमत अशी, की १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज ह्याच धक्क्यावर उतरले, तेव्हा ही कमान नव्हतीच. आराखडा १९१४ साली मंजूर झाला, उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ ला. पैसा पुरला नाही म्हणून समोरचा नियोजित रस्ता राहूनच गेला. आजचा रस्ता कमानीला तिरका भेटतो, तो त्यामुळे.

परक्या राजाच्या स्वागताची ही खूण आपण का मिरवावी, असा प्रश्न एखादा चुणचुणीत मुलगा विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याला सांगा, की २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी ह्याच कमानीतून परत गेली. १९६१ च्या प्रजासत्ताकदिनापासून समोर अश्वारूढ शिवछत्रपती उभे आहेत, आणि म्युझियमलाही आता त्यांचेच नाव आहे. दगड तेच राहिले, त्यांचा अर्थ मात्र आपण बदलून घेतला.

विटेट १९२६ साली मुंबईतच वारला. शिवडीच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. पुढच्या खेपेस म्युझियमचे तिकीट काढण्यापूर्वी मुलांना दोन मिनिटे बागेत उभे करा आणि मान वर करून घुमट पाहायला सांगा. ह्या प्रदर्शनाला तिकीट लागत नाही!