पाककृतींची फेरिस्त

सोलापूरच्या स्वयंपाकघरांत मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा पिढ्यान्पिढ्या नांदत आल्या असल्यामुळे, येथील पाककृतींचे दफ्तर संगणकावर मांडावयास बसलेल्या मनुष्याला अडवितात ते पदार्थ नव्हेत, तर त्यांची नावे होत. आप्तांच्या वह्यांतून आणि फोनवरील संदेशांतून जमलेल्या आमच्या संग्रहात एकच धान्य कोठे ‘ज्वारी’, कोठे ‘जोंधळा’, तर कोठे ‘मालदांडी’ म्हणून अवतरले होते. आणि यंत्र अक्षरांपलीकडे काही जाणत नसल्यामुळे, एका नावाने शोधणाऱ्यास उरलेल्या दोन नावांखालची धपाटी आणि आंबील दिसतच नसत. सबब टॅग ‘ज्वारी’ हाच ठरविला, ‘जोंधळा’ लिहिणाराही तेथेच पोहोचेल अशी तजवीज केली, आणि मालदांडी हे वाणाचे नाव, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळवून देण्याइतके थोर असले तरी, कृतीच्या मजकुरातच राहू दिले.

ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाली रामामृत रंगनाथन यांनी 1933 साली आपली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध केली, तिचे मर्म असे की, वस्तूला एकाच कप्प्यात न कोंडता तिच्या निरनिराळ्या अंगांची पृथक् नोंद करावी. तेच तत्त्व आम्ही अंगीकारले: मुख्य जिन्नस, क्रिया, प्रसंग आणि टिकण्याची मुदत, एवढेच चार रकाने. शेंगदाण्याच्या चटणीला त्यानुसार ‘शेंगदाणे’, ‘कुटणे’ आणि ‘टिकाऊ’ हे टॅग मिळाले. प्रसंगाचा रकाना रिकामाच राहिला, कारण ती सोलापुरात बारमाही आहे.

खरी कसोटी लागते ती मोहाचे टॅग नाकारताना. ‘पारंपरिक’, ‘चविष्ट’, ‘घरगुती’ हे शब्द आमच्या वह्यांत मुबलक होते; परंतु जो शब्द प्रत्येक कृतीला चिकटतो तो कोणत्याही दोन कृतींना वेगळे करू शकत नाही, आणि जो केवळ एकाच कृतीला लागतो त्याचे काम शीर्षकाने आधीच केलेले असते.

काही टॅग मात्र कृती वाचल्याखेरीज लावताच येत नाहीत. शेंगदाणे उपवासाला चालतात, म्हणून त्यांच्या चटणीवर ‘उपवास’ असा शेरा मारावा, तर आत लसूण बसलेला असतो. तसेच वेळ अमावस्येला शेतात नेण्यात येणाऱ्या भज्जी, आंबील आणि उंडे यांची नोंद ‘डिसेंबर’ अशी केल्यास, ज्या वर्षी ती तिथी जानेवारीत येते त्या वर्षी नोंदच खोटी ठरते; म्हणून तेथे ‘मार्गशीर्ष अमावस्या’ हाच टॅग कायम केला, आणि ‘येळवस’ असे लिहिणाऱ्यासही तेथेच आणून सोडण्याची व्यवस्था ठेवली.

आता प्रत्येक टॅगचा अर्थ एका ओळीत लिहून ठेवलेली फेरिस्त आमच्याजवळ आहे, आणि तिच्याशी रुजवात घातल्यावाचून नवा टॅग दाखल होत नाही. हा काच अनाठायी वाटेल. परंतु पदार्थाचे नाव ठाऊक असलेल्याला तो टॅगांवाचूनही सापडतो. परगावी संसार मांडलेल्या आणि ‘घरात शेंगदाणे आहेत, प्रवासात चार दिवस टिकेल असे काय करू?’ एवढेच विचारू शकणाऱ्या मुलीला उत्तर मिळाले, तरच ही सारी खटपट सार्थकी लागली असे म्हणता येईल.