पाणी पिऊनही न ओलावणारे तोंड

औशाचा उन्हाळा सोसलेल्या कुणालाही तोंडाला कोरड पडण्याचे नवल वाटत नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो दुष्काळ आपण विसरलेलो नाही. त्यामुळेच की काय, बारमाही कोरड पडणाऱ्या भगिनीही उन्हाला दोष देऊन गप्प राहतात. परंतु ज्वारीची भाकरी घोटभर पाण्यावाचून उतरत नसेल, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत असेल आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ रोजच घडत असेल, तर कारण शरीराच्या आत शोधावे लागते.

मधुमेह व काही औषधे यांनीही तोंड कोरडे पडते. येथे आम्ही लिहीत आहोत ते शोग्रेन या व्याधीविषयी. स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांच्या आजाराचे वर्णन केले. आजही दर १० रुग्णांपैकी सुमारे ९ स्त्रिया असतात, बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या.

रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी या व्याधीत स्वतःच्याच ग्रंथींवर उलटतात. अंगी आनुवंशिक प्रवणता असताना विषाणूसंसर्गासारखे एखादे निमित्त घडत असावे, असे तज्ज्ञ मानतात. लाळग्रंथींच्या अस्तरातील पेशी धोक्याचे रासायनिक संकेत देऊ लागतात. त्या हाकेला धावून आलेल्या लिम्फोसाइट पेशी लाळेच्या नलिकांभोवती ठाण मांडतात आणि तेथून हटत नाहीत. त्यांतील काही ‘अँटी-रो’ व ‘अँटी-ला’ ही प्रतिपिंडे निर्माण करतात, दाह वाढत जातो, लाळ स्रवणाऱ्या पेशी नष्ट होतात. उरलेल्या पेशींनाही मज्जातंतूंचा आदेश नीट पोहोचत नाही. हे सारे वर्षानुवर्षे मूकपणे चालते. निदानासाठी रक्ततपासणीबरोबरच कधी खालच्या ओठाच्या आतील सूक्ष्म ग्रंथी काढून पाहतात. तेथे या पेशींचे पुंजके दिसतात.

लाळ आटली की दात झपाट्याने किडतात. सांधे दुखतात, थकवा येतो. थोड्या रुग्णांत पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोग उद्भवतो. म्हणून गालाजवळची सूज उतरत नसल्यास विलंब करू नये. व्याधी समूळ जात नाही, परंतु लाळ वाढवणारी औषधे, डोळ्यांचे थेंब व दातांची निगा यांनी त्रास पुष्कळ कमी होतो. औशाहून लातूर दूर नाही. तेथील शासकीय रुग्णालयात दाखवता येते.

ख्रिस्तप्रसाद टाळूला चिकटतो, गिळता येत नाही, हा संकोचही अशा रुग्णांना होऊ शकतो. पाणी प्यायल्याने उपवास मोडेल, ही भीती मात्र अनाठायी आहे. चर्चच्या कायदेसंहितेचे ९१९ वे कलम पाणी व औषध यांस मुभा देते; आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तासाभराच्या उपवासाचेही बंधन नाही. मिस्साला येताना पाण्याची बाटली खुशाल सोबत आणावी, आणि लहान तुकडा हवा असल्यास धर्मगुरूंना आधीच सांगून ठेवावे.